हौसेची होडी

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी ओवाळणी उरकली, फराळाची ताटे पुढे आली, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता माझ्या पुतण्याने एक प्रस्ताव घरापुढे ठेवला. "काका," तो म्हणाला, "आपण सगळ्यांनी मिळून एक बोट घेऊ या."

पाचोडसारख्या गावात हे वाक्य कानी पडल्यावर मनुष्याने काय समजावे? आमचे गाव छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले. त्याचे नाव बाहेर कोणाला ठाऊक असेल, तर ते मोसंबीच्या बाजारामुळे. समुद्र इथून शेकडो मैल दूर. उन्हाळ्यात गावाबाहेरच्या नाल्यात कागदाची होडी सोडावी म्हटले तरी ती तरंगण्याऐवजी फुफाट्यात रुतून बसायची. माझ्या भावजयीला तर पोरगा 'मोट' म्हणाला असेच वाटले. "मोट कशाला आता? विहिरीवर मोटर बसवलीय की," असे म्हणून ती चहा आणायला आत निघूनही गेली.

पण पोरगा बोटच म्हणाला होता. त्याने फोनवर चित्र दाखवले. पांढरीशुभ्र, निमुळती, आठ माणसे आरामात बसतील अशी. हिला म्हणे 'जेट बोट' म्हणतात. हिच्यामागे दोर बांधून माणसाला फळीवर उभे करून पाण्यावरून ओढता येते, मुलांना रबरी चाकात बसवून फिरवता येते, आणि संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने संथपणे सहल करावी म्हटले तर तेही होते. किंमत एका भारी मोटारीहून अधिक. पैशाची तजवीज होती. आमच्या शेताची एक पट्टी हमरस्त्याच्या रुंदीकरणात गेली, तिचा मोबदला बँकेत पडून होता. त्यात माझाही वाटा होता, म्हणून माझी संमती हवी होती.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. पस्तीस वर्षे शाळेत शिकवल्यावर हे वाक्य तोंडात आपोआप येते. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मुलांना चांगले ठाऊक असते. पुतण्यालाही ते ठाऊक होते. तो हसला आणि म्हणाला, "करा विचार. पण खरंच करा."

त्या 'खरंच' या शब्दाने माझी पंचाईत केली. हा लेख त्या पंचाइतीचा वृत्तांत आहे.

आधी कबूल करतो की मला त्या यंत्राचा मोह पडला. ज्या वस्तूला नकार द्यायचा ती निदान समजून घ्यावी, या सबबीवर मी तिच्याविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता गुंगलो. साध्या मोटरबोटीला मागे पाण्याखाली पंखा असतो. या बोटीला तो बाहेर नसतोच. बोटीच्या तळाशी एक तोंड असते. त्यातून यंत्र पाणी आत ओढते आणि मागल्या नळीतून जोराने बाहेर फेकते. पाणी मागे जाते म्हणून बोट पुढे जाते. ती नळी डावी-उजवीकडे वळवली की बोट वळते. पंखा बाहेर नसल्यामुळे गुडघाभर पाण्यातूनही ती धावू शकते, आणि पाण्यात उतरलेल्या पोहणाऱ्याला पात्याचा धोका नसतो. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन नावाच्या एका मेंढपाळ शेतकऱ्याने गेल्या शतकाच्या पन्नाशीत ही कल्पना कामास लावली. त्याच्या मुलखातील नद्या उथळ आणि गोट्यांच्या. पंख्याची बोट तिथे चालेना, म्हणून त्याने पंखाच पोटात घेतला. १९६० साली त्याच्या बोटी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या भीषण घळईतून प्रवाहाच्या उलट वर चढून गेल्या.

आपल्याकडेही हे यंत्र पुष्कळ आधी येऊन गेले आहे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९७७ साली गंगासागराहून जेट बोटी घेऊन निघाले ते गंगेतून उलटे वर चढत हिमालयापर्यंत गेले. तीरावर माणसांची गर्दी लोटत होती. नंदप्रयागाजवळ एका धबधब्याने त्यांना थांबवले. तिथून पुढचा प्रवास त्यांना पायी करावा लागला. हे वाचताना मी खोलीत एकटाच हसलो. गंगेने एवढ्या मोठ्या पाहुण्याचेही आदरातिथ्य केले आणि मग दाराशी सांगितले, पादत्राणे इथे काढा.

यंत्राची आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. या बोटीला सुकाणूचे पाते नसते. पाण्याचा झोत हाच तिचा सुकाणू. त्यामुळे समोर काही आडवे आले आणि चालकाने घाबरून वेग एकदम सोडला, तर बोट लगेच थांबत नाही आणि वळतही नाही. ती ज्या दिशेला होती त्याच दिशेला सरकत राहते. वेग सुटला की दिशाही सुटते. नवशिक्याला म्हणे हेच आधी शिकवावे लागते. ही गोष्ट मी त्या वेळी नुसती टिपून ठेवली. तिचे काम पुढे पडणार होते.

मोह बाजूला ठेवून मी हरकती गोळा करायला बसलो. पहिली हरकत कोणालाही सुचेल अशी. ज्या मुलखात पिण्याला पाणी नाही तिथे पाण्यावर खेळायचे? २०१६ सालचा एप्रिल आठवा. मिरजेहून रेल्वेगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे मोठे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले, कारण मैदाने भिजवायला पाणी लागत होते. औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली. तेव्हा आम्ही सर्वांनी माना डोलावल्या होत्या. मग आता बोट?

ही हरकत मी पुतण्यापुढे मोठ्या आवेशाने मांडली. त्याने शांतपणे विचारले, "काका, बोट पाणी पिते का?"

मला उत्तर देता येईना. मैदान पाणी पिते, कारखाना पाणी पितो, आमची मोसंबी तर भरपूर पिते. बोट पाणी एका बाजूने घेते आणि दुसऱ्या बाजूने तितकेच परत करते. ती जे पिते ते पेट्रोल, आणि पेट्रोल तर घरातल्या तीन मोटारसायकलीही पितात. त्यांच्याविषयी मी कधी निबंध लिहिला नाही. तेव्हा पाण्याचा दुष्काळ हे माझ्या विरोधाचे कारण होऊ शकत नव्हते. ते निमित्त होते. दुष्काळाचे नाव घेतले की आपल्याकडे वाद संपतो, म्हणून मी ते घेतले होते.

मग त्याने जे सांगितले ते मी आजवर विसरलेलो नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तो अठरा वर्षांचा होता. आमच्या बागेला त्या वर्षी विहिरीने दगा दिला. माझ्या धाकट्या भावाने टँकरने पाणी विकत आणून झाडे जगवण्याची शिकस्त केली. हा पोरगा बादलीने एकेका झाडाच्या आळ्यात पाणी घाली. कोणत्या झाडाला दोन बादल्या आणि कोणत्याला एक, याची त्याच्याकडे वही होती. उन्हाळ्याच्या शेवटी ती झाडे तोडावीच लागली. पैठण तालुक्यात आणि शेजारच्या जालन्यात किती बागांची हीच गत झाली! "काका," तो म्हणाला, "मी जन्मभर पाणी मोजलेलंच बघितलं. हंड्यानं, बादलीनं, टँकरनं. धरणाचं पाणी पेपरात टक्क्यांनी. एकदा तरी मला ते न मोजता बघायचंय. त्याच्यावर नुसतं हुंदडायचंय."

पुष्कळशा हौशी अशाच असतात. वरून त्या चैन दिसतात. आत डोकावले तर तिथे एखादी जुनी वंचना बसलेली असते. ज्याच्या घरी तूप नव्हते तो कमावू लागल्यावर पोळीला चार बोटे तूप लावतो, आणि आपण त्याला उधळ्या म्हणतो.

दुसरी हरकत पाखरांची आणि मासेमारांची. ती मात्र सबब नव्हती. पुतण्याच्या मनातले पाणी म्हणजे आमचा नाथसागर. पैठणच्या जायकवाडी धरणाची मातीची भिंत सुमारे १० किलोमीटर लांबीची, तिला २७ दरवाजे, आणि पोटात १०२ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले २६ अब्ज घनफूट मृतसाठ्यात जाते. सागर भरला की पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. पण ते खोल नाही, परातीसारखे पसरट आहे. म्हणूनच कडेच्या चिखलात आणि दलदलीत दूरदेशीची पाखरे हिवाळ्यात उतरतात. रोहित येतात, चक्रवाक येतात, हिमालयावरून उडत पट्टकादंब येतात. १९८६ साली हे पाणी पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तिथे मनास येईल तशी यंत्राची बोट पळवता येत नाही, आणि येऊही नये. शिवाय त्याच पाण्यावर शेकडो मासेमार घरे चालवतात. त्यांची जाळी पाण्याखाली पसरलेली असतात. वेगाने येणाऱ्याला ती दिसत नाहीत.

हे ऐकल्यावर पुतण्याने हट्ट केला नाही. "मग दुसऱ्या पाण्यावर जाऊ," तो म्हणाला. "सातारा जिल्ह्यात मुनावळ्याला, कोयनेच्या शिवसागरावर, २०२४ साली सरकारनंच जलक्रीडेचं केंद्र काढलंय. तिथं लोक पैसे देऊन हेच करतात. नाहीतर कोकणात नेऊ. बोट गाडीला जोडून ओढत नेता येते." जिथे पाखरू बिथरणार नाही आणि कोणाचे जाळे तुटणार नाही तिथे गेल्यास ही हरकत मिटते, हे मला मान्य करावे लागले. दुसऱ्याला न विचारता त्याच्याकडून जी किंमत वसूल केली जाते तीच हौसेतली खरी लबाडी. ती वगळली की हौस बरीचशी शुद्ध होते.

आता माझ्याजवळ उरली ती तिसरी हरकत. तिला कायदा नाही आणि आकडाही नाही. भोवती इतकी माणसे विवंचनेत असताना आपण मौज करावी का? तिला सरळ उत्तर देणे मला अवघड गेले. कारण ती खरी मानली तर कुठे थांबायचे? सर्वांची तहान भागेपर्यंत कोणीच हसू नये, असा नियम केला तर जगात आजवर एकही दिवाळी झाली नसती.

मला १९७२ ची दिवाळी आठवली. मी एकवीस वर्षांचा होतो, शाळेत लागून वर्ष झाले होते. पाऊस नव्हता, खरीप गेला होता. गावातली निम्मी माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. पोरांना सुकडी मिळत होती आणि घरोघर मिलोच्या भाकरी होत होत्या. त्या दिवाळीला आईने एकच पणती लावली. वडील चिडले. ते म्हणाले, "तेल खायला नाही आन् तू जाळायलीस?" आई काही बोलली नाही. तिने पणती आत देव्हाऱ्यात न ठेवता बाहेर उंबरठ्यावर ठेवली. खडीच्या कामावरून उशिरा परतणारी माणसे आमच्या दारावरून जात होती. त्यांतली एक बाई क्षणभर थांबली, पणतीकडे पाहून तिने हात जोडले आणि ती पुढे गेली. वडिलांनी ते पाहिले. ते पुन्हा त्याविषयी बोलले नाहीत.

त्या चमचाभर तेलाचा कोणाच्या पोटाला काय उपयोग झाला? काहीही नाही. हिशेबाच्या वहीत ती उधळपट्टीच होती. तरीही ती गैर होती असे मला त्या दिवशी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आईने त्या रात्री जे केले त्यात आनंद होता, आणि त्या आनंदाचे तोंड रस्त्याकडे होते. तो घरात लपवावा लागत नव्हता आणि कोणाला दिपवण्यासाठीही नव्हता. जाणाऱ्याच्या पायापुढेही त्याचा थोडा उजेड पडत होता.

हिलरींचेच पाहा. ते डोंगर चढले, नद्यांतून बोटी पिटाळल्या, ध्रुवावर गेले. पोटासाठी यातले काय आवश्यक होते? पण त्याच माणसाने १९६१ साली नेपाळात खुमजुंगला शेर्पांच्या मुलांसाठी शाळा बांधली आणि पुढे दवाखाना काढला. हौस आणि कणव एका छातीत सुखाने नांदू शकतात. याच्या उलट, जन्मात कसलीच हौस न केलेली आणि कोणाला पैही न दिलेली माणसे मी आमच्याच तालुक्यात पुष्कळ पाहिली आहेत. काटकसर हा सद्गुण खरा. पण तिच्या आडून कंजूसपणा सुखाने वावरतो.

इथवर आल्यावर माझ्या हाती एकच अस्त्र उरले होते. ते मी राखून ठेवले होते, कारण त्यापुढे कोणी बोलू शकणार नाही अशी माझी खात्री होती. ते अस्त्र म्हणजे माझी आक्का.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी वडील. सोळाव्या वर्षी, १९६५ च्या वैशाखात, तिचे लग्न गोदाकाठच्या एका गावात झाले. काळी कसदार जमीन, चिरेबंदी वाडा, अंगणात बकुळ. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. दहा वर्षांनी पाणी चढत आले. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले, तेव्हा आक्काचा वाडा, बकुळ, गावचे मारुतीचे देऊळ, सगळे पाण्याखाली गेले होते. प्रकल्पामुळे उठलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदाही १९७६ चाच. घर बुडाल्यावर छपराचा कायदा व्हावा तसे झाले. आक्काच्या घराला जो मोबदला मिळाला, त्यात माळावरची खडकाळ जमीन आली आणि एक मुलगी उजवली गेली, एवढेच. आमच्या शेताच्या पट्टीला २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानंतरचा भरघोस दर मिळाला. म्हणजे बहिणीचे अख्खे गाव गेले तेव्हा जेमतेम पोट भरले, आणि भावांची एक पट्टी गेली तर बोट यायला निघाली!

या अन्यायाकडे बोट दाखवून मी पुतण्याला म्हणणार होतो, "बाबा रे, ज्या पाण्यात आत्याचा संसार बुडाला तसल्या पाण्यावर तू हुंदडणार? शिवसागराच्या तळाशीही कोणाच्या तरी आत्याचे अंगण आहे." याला तो काय उत्तर देणार होता?

फाल्गुनात नाथषष्ठीला आम्ही सगळे पैठणला गेलो. आक्का दरवर्षी जाते. दर्शन झाल्यावर वाळवंटाच्या कडेला टेकलो असताना मी विषय काढला. पोरगा बोट घ्यायची म्हणतो, असे सांगितले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तिने डोळ्यांना पदर लावावा, निदान सुस्कारा सोडावा, अशी माझी अपेक्षा होती.

आक्का म्हणाली, "खरंच का रं? मग मला माझ्या गावावरून एकदा फिरवून आणशील?"

मी थिजलो. पुतण्या माझ्याकडे पाहत नव्हता, हे त्याचे उपकार. पन्नास वर्षे मी आक्काच्या दुःखाचा साक्षीदार आहे असे समजत होतो. आज कळले की मी ते दुःख कपाटात ठेवले होते आणि वाद जिंकायला बाहेर काढत होतो. तिला काय हवे आहे, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्याच्या दुःखाचा आधार घेऊन तिसऱ्याचे सुख नाकारणे, हा नीतीचा एक प्रकार आपल्या समाजात फार चालतो. तो करताना आपले काही खर्च होत नाही, आणि आपण थोर असल्याचे समाधान मिळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघे नाथसागरावर गेलो. आक्काच्या सासरगावच्याच एका कुटुंबातला गृहस्थ आता मासेमारी करतो. त्याच्या वल्ह्याच्या होडीत बसलो. पाऊण तास होडी संथ चालली. मग वल्हे आडवे धरून तो म्हणाला, "मावशी, हितं. हे तुमचं गाव." मी विचारले, "कशावरून?" तो म्हणाला, "हितं जाळं भिंतीला अडकतंय. तिकडं देवळाच्या दगडाला अडकतंय. दुष्काळात पाणी उतरलं की भिंती वर येत्यात, तवा खुणा धरून ठेवल्यात."

आक्काने पाण्यात हात घातला आणि तसाच राहू दिला. ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने पुतण्याला विचारले, "तुझी बोट हितून किती वेळात जाईल?"

"अर्ध्या मिनिटात," तो हळू आवाजात म्हणाला.

"आन् मधी थांबंल का?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "थांबवली तर थांबेल, आत्या."

"मग घे की," आक्का म्हणाली. "पोरांनी पाण्यावर खेळावंच. पर थांबवता आली पायजे."

परत येताना मला एकनाथांची कावड आठवली. काशीहून गंगेचे पाणी घेऊन नाथ रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले, आणि देवाच्या अभिषेकाचे पाणी नाथांनी त्याच्या तोंडात ओतले. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकली आणि मुलांना शिकवली. पण तिच्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. जगात तहानलेली गाढवे असतात म्हणून कावडच उचलू नका, असे नाथांनी कोणाला सांगितले नाही. त्यांनी कावड आनंदाने उचलली, शेकडो कोस वाहिली, आणि समोर तहान दिसताच खांद्यावरून खाली ठेवली. कथेचे सारे मर्म त्या खाली ठेवण्यात आहे. कावड जड असते, पुण्याईची असते, सोबतचे यात्रेकरू पाहत असतात. तरीही ती उतरवता येणे हीच नाथांची थोरवी.

आक्का निरक्षर आहे, पण ती नेमके हेच म्हणाली होती. आणि तेव्हा मला त्या यंत्राची टिपून ठेवलेली गोष्टही आठवली. वेग सोडला की दिशा सुटते आणि बोट तशीच पुढे जाते. पुष्कळ हौशी अशाच असतात. कर्ज काढून घेतलेली वस्तू महिन्याच्या हप्त्याने आपल्याला पुढे ढकलत राहते. एवढी महाग घेतली म्हणून वापरली पाहिजे, वापरली म्हणून दाखवली पाहिजे, दाखवली म्हणून शेजाऱ्याच्या नव्या वस्तूहून ती जुनी पडता कामा नये. मौज म्हणून घेतलेली गोष्ट वर्षभरात कर्तव्य होऊन बसते. मग मध्येच कोणी आजारी पडले, कोणाची बाग वाळली, कोणाच्या मुलीची फी अडली, तरी ती थांबवता येत नाही. थांबायची इच्छा असूनही माणूस सरकतच राहतो. अशी हौस बोटीची असो, बंगल्याची असो किंवा लग्नातल्या मांडवाची, ती माझ्या मते गैर. आणि जी वेळ येताच खांद्यावरून खाली ठेवता येते, ती कितीही महाग दिसली तरी तिला गैर म्हणण्याचा मला अधिकार नाही.

हा निकष सोपा नाही, हे मला मान्य आहे. कोण कुठे थांबू शकेल हे आधी कसे कळावे? मीच माझे उदाहरण देतो. मी आयुष्यात बोट घेतली नाही, पण पुस्तकांवर जो खर्च केला तो थांबवून १९७२ साली मी कोणाला भाकर दिली का? एक-दोनदा दिली असेन. बाकी वेळा पुस्तकच घेतले. तेव्हा पुतण्याच्या बोटीचा न्याय करायला बसलेला न्यायाधीश स्वतः निर्दोष नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आषाढात मी पुतण्याला बोलावून माझी संमती दिली. तिला तीन अटी जोडल्या. बोट घ्यायची तर रोख, हप्त्याने नाही. पाखरांच्या आणि जाळ्यांच्या पाण्यात ती उतरवायची नाही. आणि मोबदल्यातला एक हिस्सा आधी आक्काच्या नावाने ठेवायचा, कारण जमीन दोघांचीही गेली होती, दर मात्र एकालाच मिळाला. तिसरी अट ऐकून माझा भाऊ थोडा वेळ मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "हे आपल्याला आधी सुचायला पाहिजे होतं." पुतण्याने हिशेब मांडला. आक्काचा हिस्सा वेगळा काढल्यावर रोखीने बोट येत नाही, असे निघाले. तो म्हणाला, "मग दोन वर्षं थांबतो. तोवर पुढच्या उन्हाळ्यात सगळे मिळून मुनावळ्याला जाऊन येऊ. आत्यालाही नेऊ."

तो थांबू शकला. बोट घ्यायची त्याची पात्रता मला त्याच क्षणी पटली. ती गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही, कारण उगाच तो उद्याच घेऊन येईल.

यंदा पाडव्याला आक्का आमच्याकडे आहे. तिच्या नावाचे पैसे तिने घ्यायला आधी नकार दिला, मग घेतले, आणि त्यांतून पहिली खरेदी काय केली असेल? शेजारपाजारच्या पोरांसाठी एक पेटी फटाके! मी म्हटले, "आक्का, ही उधळपट्टी." ती म्हणाली, "आसू दे रं, सणाला कोण मोजतंय?" आणि आईच्या हातची ती जुनी मातीची पणती तिने तेलाने काठोकाठ भरून बाहेर उंबरठ्यावर नेऊन ठेवली.